पाणी कमी पडलं की झाडाच्या आत काय चालू होतं? परासरण ताण आणि जनुकांची गोष्ट

डाळिंब किंवा मोसंबीची बाग असलेल्या घरात वाढला असाल, तर ‘बाग ताणावर सोडलीय’ हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. बहार धरायचा म्हणून शेतकरी मुद्दाम पाणी तोडतो, झाड पानं गाळतं, आणि नंतर पाणी सोडलं की फुलं येतात. म्हणजे ‘ताण’ हा शब्द आपल्याकडे शेतातच रुळलेला आहे. आज आपण हा ताण बसल्यावर झाडाच्या पेशीत नेमकं काय होतं, ते बघणार आहोत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बारावीला बायोलॉजी घेतलंच नव्हतं. या विषयाकडे वळलो ते बातम्यांमुळे. ‘शास्त्रज्ञांना दुष्काळाचा जीन सापडला’, ‘आता पाण्याशिवाय भात’ अशा बातम्या दर उन्हाळ्यात फोनवर येतात. माझे मामा मंगळवेढ्याकडे रब्बी ज्वारी करतात. ते अशी बातमी मला फॉरवर्ड करून विचारतात, ‘हे खरं का रे?’ उत्तर द्यायचं तर आतली यंत्रणा माहीत हवी. वाचायला लागलो आणि लक्षात आलं, की ही यंत्रणा आमच्या कामातल्या इव्हेंट, फ्लॅग आणि कंडिशनच्या बरीच जवळची आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ताण बसला म्हणून झाडाच्या डीएनएमध्ये नवीन काही लिहिलं जात नाही. जे आधीपासून लिहिलेलं आहे, त्यातलं काय वाचायचं आणि किती वेळा वाचायचं, एवढंच बदलतं. आणि हा बदल झाडाला फुकट पडत नाही.

परासरण ताण म्हणजे काय?

लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात पातेल्यात पाणी सुटलेलं असतं. ते पाणी फोडींच्या पेशींमधून आलेलं असतं. पेशीच्या बाहेर मीठ जास्त झालं, की पाणी पेशीपटलातून बाहेरच्या बाजूला ओढलं जातं. यालाच परासरण म्हणतात. तेच उलटं बघायचं असेल तर मलूल झालेली कोथिंबिरीची जुडी पाण्यात उभी करा, तासाभरात ताठ होते.

झाडाचा हा ताठपणा म्हणजे पेशीतल्या पाण्याचा दाब. गाडीच्या टायरमध्ये साधारण ०.२ मेगापास्कल दाब असतो. चांगलं पाणी मिळालेल्या पानाच्या पेशीत तो त्याच्या दुप्पट ते चौपट असू शकतो. हा दाब गेला की पान लोंबतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाढ थांबते, कारण पेशी मोठी होते ती आतून येणाऱ्या याच दाबामुळे.

जमिनीतलं पाणी ओढायला किती जोर लागतो, तेही याच एककात मोजतात, फक्त आकडा उणे असतो. पाऊस पडून जास्तीचं पाणी निथळलेल्या जमिनीत तो उणे ०.०३ च्या आसपास असतो. जमीन वाळत जाते तसा तो घसरतो. उणे १.५ ला बहुतेक पिकं कायमची सुकतात, असं धरलं जातं. समुद्राच्या पाण्यासाठी हा आकडा सुमारे उणे २.५ आहे. म्हणूनच खाऱ्या पाण्यात मुळं बुडालेली असली तरी रोप तहानलेलंच राहतं.

यावरून कळतं की दुष्काळ आणि खारी जमीन या वेगवेगळ्या अडचणी असल्या, तरी झाडाला बसणारा पहिला धक्का एकच असतो: पाणी आत येत नाहीये. हा पहिला धक्का म्हणजे परासरण ताण. मिठाच्या बाबतीत पुढे दुसराही त्रास असतो, सोडियम पेशीत साठून विषासारखा काम करतो. त्यासाठी सोडियम बाहेर फेकणारी वेगळी व्यवस्था झाडाकडे आहे. तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

जनुक चालू होणं म्हणजे काय?

संशोधनात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं रोप म्हणजे अॅरॅबिडॉप्सिस. हे मोहरीच्या कुळातलं वीतभर तण आहे. त्याचा पूर्ण जीनोम २००० साली वाचून झाला. त्यात प्रथिनं बनवणारी सुमारे २७ हजार जनुकं आहेत. पानाच्या पेशीतही सगळी असतात, मुळाच्या पेशीतही सगळी असतात. पण एका वेळी त्यातली काहीच वाचली जातात. जनुक वाचलं गेलं की त्याची आरएनए प्रत निघते, आणि त्या प्रतीवरून प्रथिन बनतं. किती प्रती निघाल्या, यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात.

तुमच्या फोनमधला बॅटरी सेव्हर आठवा. तो लावल्यावर फोनमध्ये नवीन सॉफ्टवेअर येत नाही. ब्राइटनेस उतरतो, मागे चालणारी अॅप्स थांबतात, लोकेशन कमी वेळा तपासलं जातं. सिस्टीम तीच, पण चालणाऱ्या गोष्टींची यादी बदलते. ताण बसलेलं झाड असंच काहीसं करतं.

किती मोठी यादी? जपानच्या रिकेन संस्थेतल्या गटाने २००२ मध्ये अॅरॅबिडॉप्सिसची सुमारे ७००० जनुकं एकाच वेळी तपासली. रोपं वाळवल्यावर २७७ जनुकांची आरएनए पातळी पाचपटीहून जास्त वाढली. मिठाच्या ताणात अशी १९४ जनुकं निघाली आणि थंडीत ५३. वाळवल्यावर चालू झालेली बरीच जनुकं मिठानेही चालू झाली होती. मघाशी म्हटलं तो सामायिक पहिला धक्का या यादीत असा दिसतो.

फोनची उपमा एका ठिकाणी तुटते, ते आताच सांगून टाकतो. झाडात एक मुख्य प्रोसेसर नसतो. प्रत्येक पेशी आपापला निर्णय घेते आणि आजूबाजूच्या पेशींना निरोप पाठवते. शिवाय जनुक म्हणजे दिव्याचं बटण नाही. ते पंख्याच्या रेग्युलेटरसारखं कमी-जास्त होतं.

झाडाला कळतं कसं?

पेशीपटलात काही वाहिन्या असतात. पटलावरचा ओढा बदलला की त्या उघडतात आणि कॅल्शियम आत शिरू देतात. अशी एक वाहिनी २०१४ मध्ये अॅरॅबिडॉप्सिसमध्ये सापडली, तिचं नाव ओस्का१. बाहेर द्रावण तीव्र झालं की काही सेकंदांत पेशीत कॅल्शियमची लाट उठते. ही पहिली नोटिफिकेशन.

पण ताण लागतो मुळांना आणि पाणी उडतं पानांतून. मग निरोप वर पोचवायला हवा. २०१८ मध्ये रिकेनच्याच संशोधकांनी दाखवलं की माती वाळू लागली की मुळं सीएलई२५ नावाचं एक छोटं पेप्टाइड बनवतात. ते रसवाहिन्यांतून पानांत जातं आणि तिथे एनसीईडी३ हे जनुक चालू करतं. या जनुकाचं एन्झाइम एबीए नावाचं संप्रेरक तयार व्हायला मदत करतं. गाजराला रंग देणारी रंगद्रव्यं ज्या कुटुंबातली, त्याच कुटुंबातल्या रेणूंना कापून एबीए बनतं.

एबीए म्हणजे अॅब्सिसिक अॅसिड. हे नाव ‘गळून पडणे’ या अर्थाच्या शब्दावरून आलं आहे, कारण १९६० च्या दशकात ते कपाशीच्या बोंडगळीच्या अभ्यासात सापडलं. पुढे कळलं की पानं-फळं गळण्यात मोठा हात इथिलीन या दुसऱ्या संप्रेरकाचा असतो, आणि एबीएचं खरं काम पाण्याचा ताण आणि बियांची झोप सांभाळणं हे आहे. नाव मात्र तेच राहिलं. आमच्या प्रोजेक्टमध्येही अशी व्हेरिएबल असतात, ज्यांचं नाव एक आणि काम दुसरंच. बदलायला कुणी धजत नाही.

मुख्य स्विच: ब्रेकवरचा पाय उचलणं

आता सगळ्यात रंगतदार भाग. एबीए वाढलं, हे पेशीला कळतं कसं, आणि त्यातून जनुकं चालू कशी होतात?

या साखळीत तीन पात्रं आहेत. पहिलं, स्नर्क२ नावाची काही प्रथिनं. ही काम करणारी मंडळी. ती दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा छोटा तुकडा चिकटवतात. हा तुकडा म्हणजे आमच्या भाषेत फ्लॅग. तो लागला की ते प्रथिन जागं होतं. दुसरं पात्र पीपी२सी. याचं काम फॉस्फेट काढून टाकणं. पाणी भरपूर असताना पीपी२सी हे स्नर्क२ ला धरूनच बसलेलं असतं आणि त्याचा फ्लॅग सतत उतरवत राहतं. तिसरं पात्र म्हणजे एबीए ओळखणारा ग्राहक, पीवायआर. त्याच्या रचनेत एक खोबण असते.

एबीए या खोबणीत बसलं की वरची झडप मिटते आणि ग्राहकाचा आकार बदलतो. बदललेला ग्राहक जाऊन पीपी२सी ला पकडतो. पीपी२सी अडकलं, म्हणजे स्नर्क२ मोकळं झालं. मोकळं झालेलं स्नर्क२ पुढे एबीएफ नावाच्या प्रथिनांवर फ्लॅग लावतं. ही एबीएफ प्रथिनं केंद्रकात डीएनएवर बसतात आणि ताणाची जनुकं वाचायला लावतात.

म्हणजे एबीए थेट ‘चालू हो’ असं सांगत नाही. ते बंद करणाऱ्याला बंद करतं. पहिल्यांदा वाचताना मला हे उगाच गुंतागुंतीचं वाटलं होतं. पण विचार केला तर सोय दिसते. सगळे भाग आधीच बनवून तयार आहेत, फक्त ब्रेकवरचा पाय उचलायचा आहे. ताण आल्यावर नवीन प्रथिन बनवत बसलं तर वेळ जातो.

हा वेळ का महत्त्वाचा, तेही बघा. स्नर्क२ पैकी एक प्रथिन पानावरच्या पर्णरंध्रांजवळ काम करतं. ते मोकळं झालं की रंध्रांच्या पेशींतल्या एका वाहिनीवर फ्लॅग लावतं, क्षार बाहेर पडतात, पेशी सैल होतात आणि रंध्र मिटतं. या कामात जनुकं वाचायची गरजच नसते, ते मिनिटांत होतं. जनुकांचं काम मागून येतं आणि तासन्‌तास चालतं. आधी नळ बंद करायचा, मग घरात साठवणीची व्यवस्था लावायची. दोन्ही आदेश एकाच साखळीतून निघतात.

या साखळीतला ग्राहक शोधायला मात्र शास्त्रज्ञांना फार वेळ लागला. एबीए १९६० च्या दशकापासून माहीत होतं, ग्राहक नक्की झाला २००९ मध्ये. नेहमीची पद्धत अशी असते: एकेक जनुक बिघडवायचं आणि कोणतं रोप एबीएला दाद देत नाही ते बघायचं. इथे ती चालेना, कारण अॅरॅबिडॉप्सिसमध्ये हा ग्राहक एक नसून चौदा भावंडं आहेत. एक बिघडवलं तर बाकीचे काम उरकतात. एक सर्व्हर पडला तरी साइट चालू राहते, मग कुठला पडला हे बाहेरून कळणार कसं?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड केंद्रातले शॉन कटलर यांच्या गटाने आडवाटेने जायचं ठरवलं. त्यांनी पायराबॅक्टिन नावाचं कृत्रिम रसायन वापरलं. ते बियांमध्ये एबीएसारखं काम करतं, पण चौदा भावंडांपैकी मोजक्यांनाच ओळखू येतं. त्यामुळे एकच जनुक बिघडल्यावरही फरक दिसला आणि पीवायआर१ हाती लागलं. त्याच वर्षी जर्मनीतल्या एर्विन ग्रिल यांचा गट पीपी२सी ला कोण चिकटतं हे शोधत वेगळ्या वाटेने याच प्रथिनांपर्यंत पोचला. दोन्ही निबंध ‘सायन्स’ मध्ये आले. मला ही गोष्ट डिबगिंगचा उत्तम नमुना वाटते.

कुठलं जनुक वाचायचं, हे ठरतं कुठे?

प्रत्येक जनुकाच्या आधी डीएनएचा एक पट्टा असतो, त्याला प्रमोटर म्हणतात. प्रथिन कसं बनवायचं हे त्यात नसतं, कधी बनवायचं ते असतं. सरळ भाषेत, फंक्शनच्या आधीची इफ-कंडिशन. ताणाच्या बऱ्याच जनुकांच्या प्रमोटरमध्ये ए-सी-जी-टी हा गाभा असलेलं एक ठिकाण सापडतं. एबीएफ प्रथिनं बसतात ती इथे.

पण एबीए हीच एकमेव वाट नाही. काझुको यामागुची-शिनोझाकी आणि काझुओ शिनोझाकी या जपानी शास्त्रज्ञांना असं दिसलं की एबीए बनवूच न शकणाऱ्या रोपांतही काही जनुकं ताणाने चालू होतात. त्यातलं एक आरडी२९ए. १९९४ मध्ये त्यांनी या जनुकाच्या प्रमोटरमध्ये सी-सी-जी-ए-सी गाभ्याचं दुसरं ठिकाण दाखवलं आणि १९९८ मध्ये त्यावर बसणारी प्रथिनं शोधली. त्यांचं नाव ड्रेब. आरडी२९ए च्या प्रमोटरमध्ये दोन्ही ठिकाणं आहेत, म्हणजे कंडिशनमध्ये ‘किंवा’ आहे. दोन्हीकडून निरोप आला तर जोर आणखी वाढतो.

ड्रेब२ए या प्रथिनाची तर गंमतच आहे. ते बनलं तरी पेशी त्याला लगेच मोडीत काढायची खूण लावते. त्याच्याच साखळीत एक छोटा भाग आहे, जो या मोडतोडीला आमंत्रण देतो. ताण आला की ते टिकून राहायला लागतं. संशोधकांनी तो छोटा भाग कापला, तर ताण नसतानाही ड्रेब२ए कामाला लागलं. अशा रोपांनी कोरड तर सोसली, पण ती खुरटी राहिली. हा खुरटेपणा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चालू झालेली जनुकं करतात काय?

पेशीतलं पाणी बाहेर जात असेल तर एक उपाय म्हणजे आतलं द्रावणही तीव्र करायचं. पण मीठ भरलं तर प्रथिनं बिघडतात. म्हणून झाड प्रोलीनसारखे निरुपद्रवी रेणू साठवतं. प्रोलीन बनवणारं जनुक वाढवलं जातं आणि त्याच वेळी प्रोलीन मोडणारं जनुक दाबलं जातं. पाणी परत मिळालं की उलटं होतं, आणि साठवलेलं प्रोलीन मोडून वापरलं जातं.

दुसरा मोठा गट एलईए प्रथिनांचा. ही आधी कपाशीच्या बियांत सापडली. बी पक्व होताना जवळजवळ पूर्ण वाळतं आणि तरी जिवंत राहतं, त्यामागे या प्रथिनांचा हात असतो. पाणी गेल्यावर बाकीची प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत, पेशीपटलं टिकावीत, असं यांचं काम. ताण बसलेलं पान बियांची ही जुनी युक्ती थोड्या प्रमाणात वापरतं.

आणि काही वनस्पती ती पूर्ण प्रमाणात वापरतात. सह्याद्रीच्या कातळसड्यांवर उन्हाळ्यात काडीसारखं वाळलेलं गवत पहिल्या पावसात हिरवं होतं, ते तुम्ही ट्रेकला पाहिलं असेल. त्यातलं काही नवीन उगवलेलं असतं. पण काहींची तीच जुनी पानं पाणी पिऊन परत जिवंत होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात वाळून परत जगणाऱ्या अशा ६२ प्रजातींची नोंद केली आहे. सामान्य झाड जी जनुकं मुख्यतः बियांत वापरतं, ती या वनस्पती पानांतही पूर्ण ताकदीने चालवतात.

झाडाला थोडी आठवणही राहते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी अॅरॅबिडॉप्सिसला पुन्हा पुन्हा कोरडं केलं आणि मध्ये पाणी दिलं. काही जनुकं पहिल्या वेळेपेक्षा पुढच्या वेळी जास्त जोरात चालू झाली. मधल्या काळात त्यांचं आरएनए उतरलं होतं, पण डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा तशाच राहिल्या होत्या. अॅप बंद केलं तरी कॅशे उरावी, तसं. आठवडाभर नीट पाणी मिळाल्यावर ही आठवण पुसली गेली.

मग हे सगळं कायम चालू का ठेवत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात येतो, आणि बातम्या नेमक्या इथेच घसरतात.

जपानी गटाने हा प्रयोग खरंच केला. त्यांनी ड्रेब१ए हे जनुक कायम चालू राहणाऱ्या प्रमोटरमागे जोडलं. रोपं कोरड, मीठ आणि थंडी तिन्ही सोसायला लागली. पण पाणी भरपूर असतानाही ती खुजी राहिली. मग १९९९ मध्ये त्यांनी तेच जनुक आरडी२९ए च्या प्रमोटरमागे लावलं. आता ते ताण आल्यावरच चालणार होतं. रोपांची वाढ जवळपास नेहमीसारखी झाली आणि ताण सोसायची ताकदही राहिली. जनुक तेच, फक्त आधीची कंडिशन बदलली. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात शिकवणारं उदाहरण हेच.

खुजेपणा का येतो, याचं एक कारण सरळ आहे: रंध्रं मिटली की पाणी वाचतं, पण हवेतला कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, म्हणजे अन्न बनणं मंदावतं. दुसरं कारण अजून खोल आहे. पेशीत टॉर नावाचं वाढीचं नियंत्रक प्रथिन असतं. २०१८ मध्ये दिसून आलं की पाणी असताना टॉर हे एबीएच्या ग्राहकांवर फ्लॅग लावून त्यांना निकामी ठेवतं, आणि ताण असताना स्नर्क२ उलट टॉरची जोडी मोडतं. वाढ आणि बचाव हे एकमेकांच्या बटणावर हात ठेवून बसलेले आहेत. बॅटरी सेव्हर वर्षभर लावून ठेवलात तर फोन टिकेल, पण त्यावर गेम खेळता येणार नाही. शेतकऱ्याला झाड जगलेलं हवंच असतं, पण त्याचं पोट भरतं ते कणसात दाणा भरला तर.

शेतापर्यंत काय पोचलं?

या ज्ञानातून तयार झालेली पिकं आता कागदाबाहेर आली आहेत. अर्जेंटिनामध्ये सूर्यफुलातलं एचबी४ हे जनुक गव्हात घातलं गेलं आणि त्या गव्हाला २०२० मध्ये तिथे मान्यता मिळाली. हे जनुकही ड्रेबसारखंच, दुसरी जनुकं चालू-बंद करणारं.

आपल्याकडे ४ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने जीनोम संपादन करून बनवलेले दोन भात वाण जाहीर केले. त्यातलं पुसा डीएसटी राइस १ आपल्या विषयाचं आहे. डीएसटी हे भाताचं स्वतःचंच जनुक. त्याचं प्रथिन पर्णरंध्रं मिटण्याच्या यंत्रणेवर ब्रेक लावतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने एमटीयू १०१० या लोकप्रिय वाणात क्रिस्परने हे जनुक बिघडवलं. बाहेरचं जनुक घातलेलं नाही, घरचा एक ब्रेक काढला आहे. त्यामुळे याला ‘दुष्काळाचा जीन टाकला’ म्हणणं चूक आहे.

आणि काही उत्तरं शेतकऱ्यांकडे आधीच होती. केरळच्या खाऱ्या खाचरांत पोक्काली भात पिढ्यान्‌पिढ्या होतो, गोव्याच्या खाजन जमिनीत कोरगुट होतो. पोक्कालीच्या पहिल्या गुणसूत्रावरचा साल्टॉल नावाचा भाग नेहमीच्या संकरातून दुसऱ्या वाणांत आणला जातो. बारामतीजवळ माळेगावला तर ताणाच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थाच आहे.

अशी बातमी वाचताना मी आता एक गोष्ट आधी शोधतो: ताण कसा दिला होता? प्रयोगशाळेत बऱ्याचदा रोपाला मॅनिटॉल, मीठ किंवा पीईजी नावाच्या रसायनाच्या द्रावणात ठेवतात. सोयीचं आहे, तीव्रता नेमकी ठरवता येते, आणि तासाभरात शेकडो जनुकं हलतात. पण शेतात जमीन तीन-चार आठवडे हळूहळू वाळते, सोबत ऊन असतं, वारा असतो, आणि मुळं दुसरीकडे ओल शोधत खाली जातात. अचानक दिलेला धक्का आणि सावकाश आलेली कोरड यांत चालू होणाऱ्या जनुकांच्या याद्या वेगळ्या निघतात. टेस्ट सर्व्हरवर पास झालेला कोड खऱ्या वापरात पडतो, त्यातलाच प्रकार. त्यातही रोप ‘जगलं’ एवढंच लिहिलं असेल आणि दाण्याचा आकडा नसेल, तर मी मामांना फॉरवर्ड करत नाही.

त्यांची मालदांडी ज्वारी वेगळ्याच हिशोबाने चालते. पाऊस संपताना पेरायची आणि काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर कणीस भरून काढायचं. वरून पाणी जवळपास नाहीच. ज्वारीत ‘स्टे-ग्रीन’ नावाचा गुण अभ्यासला गेला आहे, दाणा भरताना पानं हिरवी राहण्याचा. त्याचा एक महत्त्वाचा स्रोत इथिओपियातल्या ज्वारीतून आलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तपासलं तेव्हा असं दिसलं की या गुणाची ज्वारी फुलोऱ्याआधी फुटवे कमी काढते आणि पानांचा पसारा लहान ठेवते. ताण यायच्या आधीच ती पाणी कमी खर्चते, आणि वाचलेली ओल दाणा भरताना कामी येते.